गाठ लहान झाली नाही, मग केमो लागू पडली हे ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात कॅन्सरची गाठ निघाली. ती शेजारच्या मोठ्या शिरेला आणि धमनीला टेकलेली होती, म्हणून डॉक्टरांनी तिला ‘बॉर्डरलाइन’, म्हणजे ऑपरेशनने काढता येईल की नाही याच्या सीमेवरची, म्हटलं आणि लगेच ऑपरेशन न करता आधी फोल्फिरिनॉक्स या केमोच्या औषधांच्या मिश्रणाच्या आठ सायकल (फेऱ्या) दिल्या. आता सीटी स्कॅनमध्ये गाठ ३.४ सेंटिमीटरवरून ३.१ झाली आहे, रिपोर्टात ‘स्टेबल डिसीज’ लिहिलंय आणि रक्तवाहिन्यांभोवतीचा भाग ‘पूर्वीसारखाच’ आहे. सीए १९-९ हा या कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीतला आकडा मात्र ९१० वरून ४८ वर आला. सर्जन म्हणतात प्रतिसाद चांगला आहे, ऑपरेशन करूया. घरचे म्हणतात, चार महिने एवढं सोसलं आणि गाठ तर जागची हलली नाही, मग प्रतिसाद कसला?

आधी सरळ उत्तर देतो. या दोन रिपोर्टांत विसंगती नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये केमोनंतर गाठीचा आकार जवळपास तेवढाच राहणं हे नेहमीचं आहे, आणि त्यावरून औषध लागू पडलं नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. मी स्वादुपिंडाची ऑपरेशनं करतो, आणि केमोनंतर कुणाला टेबलावर घ्यायचं या चर्चेत गाठीचा व्यास मी सर्वांत शेवटी पाहतो. तुम्हाला मात्र तोच आकडा सर्वांत मोठा दिसतोय, कारण रिपोर्टात तोच ठळकपणे लिहिलेला असतो.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. या कॅन्सरची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर कॅन्सरच्या पेशी थोड्या आणि त्यांच्याभोवतीची तंतुमय ऊती फार, असं चित्र दिसतं. अनेक गाठींत आकारमानाचा मोठा वाटा या दाट, चिवट जाळ्याचाच असतो. केमो मारते ती पेशींना. जाळं जागेवर राहतं, आणि पेशी मेल्या तिथे नवे तंतू भरून येतात. जखम भरून आली तरी कातडीवर वण राहतो, तसा हा आतला वण. सीटी स्कॅनला ऊतीची घनता दिसते आणि तिच्यातला रक्तपुरवठा दिसतो. जिवंत कॅन्सर आणि मेलेल्या कॅन्सरचा वण, दोन्हींत रक्तपुरवठा कमीच असतो, त्यामुळे स्कॅनवर दोन्ही सारखेच करडे दिसतात. उत्तम रेडिओलॉजिस्टसुद्धा निव्वळ सीटीवरून हे वेगळं सांगू शकत नाही. यात त्यांची चूक नाही, ती त्या तपासणीची मर्यादा आहे.

‘स्टेबल डिसीज’ हा शेरा रेसिस्ट नावाच्या नियमांतून येतो. हे नियम २००० साली आले आणि २००९ मध्ये सुधारले गेले. औषधांच्या चाचण्यांत सगळ्यांनी एकाच मापाने मोजावं, हा त्यांचा हेतू. मोजायच्या गाठींच्या लांबीची बेरीज ३० टक्के किंवा जास्त घटली तर ‘पार्शल रिस्पॉन्स’. आतापर्यंतच्या सर्वांत कमी मापापेक्षा २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढली, किंवा नवी गाठ निघाली, तर ‘प्रोग्रेशन’. मधलं सगळं ‘स्टेबल’. म्हणजे वडिलांची गाठ २.४ सेंटिमीटरच्या खाली आली असती तरच कागदावर ‘प्रतिसाद’ लिहिला गेला असता. यकृतातल्या गोल, स्पष्ट कडेच्या गाठीला हे माप ठीक आहे. स्वादुपिंडातल्या गाठीला मुळात धड कडाच नसते. ती आजूबाजूला विरत गेलेली असते. तीच गाठ दोन अनुभवी माणसांनी मोजली तरी तीनेक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून ३.४ चे ३.१ झाले याला मी ‘कमी झाली’ असंही म्हणणार नाही. आकाराने काहीच सांगितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे फक्त माझं मत नाही. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या सर्जननी २०१२ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला होता. त्यांनी ‘बॉर्डरलाइन’ गाठीच्या १२२ रुग्णांचे उपचारांनंतरचे स्कॅन पुन्हा पाहिले. ६९ टक्के ‘स्टेबल’ होते, रेसिस्टच्या नियमाने प्रतिसाद फक्त १२ टक्क्यांत होता आणि १९ टक्क्यांत आजार वाढला होता. स्कॅनवरचं ‘बॉर्डरलाइन’ हे लेबल बदलून ‘सहज काढता येईल’ असं झालं ते एकाच रुग्णात. तरीही त्यांच्या एकूण १२९ पैकी ८५ जणांची गाठ काढली गेली, आणि त्यातल्या ९५ टक्क्यांत कापलेल्या कडेवर कॅन्सर सापडला नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१५ मध्ये फोल्फिरिनॉक्स घेतलेल्या ४० रुग्णांचा अनुभव मांडला, तो याच दिशेचा होता: बहुतेकांच्या स्कॅनवर धमनी-शिरेचा वेढा तसाच दिसत होता, आणि ९२ टक्क्यांत कडा स्वच्छ आल्या. स्कॅन बदलण्याची वाट पाहत बसलो असतो, तर यांतल्या बहुतेकांना ऑपरेशन मिळालंच नसतं.

मग सीटी करायचाच कशाला? कारण तो दुसऱ्या एका प्रश्नाचं फार चांगलं उत्तर देतो: आजार आणखी कुठे दिसू लागलाय का? यकृतात नवा ठिपका, पोटाच्या आवरणावर बारीक गाठी, अचानक साठलेलं पाणी, फुप्फुसात काही. ऑपरेशनआधी केमो देण्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. ज्यांचा आजार पहिल्या काही महिन्यांतच पसरणार असतो, त्यांच्यात तो या काळात उघड होतो. अशा रुग्णावर आधीच मोठं ऑपरेशन केलं असतं, तर त्रास सगळा झाला असता आणि फायदा काहीच नाही. वर सांगितलेले १९ टक्के बरेचसे असेच. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टात ‘नवीन काही नाही’ असं वाक्य असेल, तर त्या अख्ख्या कागदावरचं सर्वांत मोलाचं वाक्य तेच. यकृतात शंकेचा ठिपका असेल तर एमआरआय करून घ्यावा. बारीक ठिपके त्यात सीटीपेक्षा बरे उमगतात.

सीटीवर मी दुसरी गोष्ट पाहतो ती रक्तवाहिन्यांची. आतड्यांना रक्त देणारी मोठी धमनी, यकृताकडे जाणारी धमनी, आणि आतड्यांतून यकृताकडे जाणारी शीर. गाठीने धमनीचा घेर किती अंशांत धरलाय, १८० पेक्षा कमी की जास्त, यावर पहिलं वर्गीकरण झालेलं असतं. केमोनंतर हे अंश फारसे बदलत नाहीत, हे आताच पाहिलं. पण वेढ्याचं स्वरूप बदलू शकतं. आधी धमनीची भिंत वेडीवाकडी, आवळल्यासारखी दिसत होती आणि आता ती गोल, गुळगुळीत झालीय, भोवतीचा पट्टा धुरकट झालाय, तर तो भाग बहुधा वण असतो आणि धमनीच्या बाहेरच्या आवरणावरून सोलून काढता येतो. अमेरिकेतल्या काही सर्जननी याला ‘हेलो साइन’ म्हटलंय, आणि धमनी आवळून दोरीसारखी झालेली असेल तर ‘स्ट्रिंग साइन’. पहिलं दिसलं तर हात घालावा, दुसरं दिसलं तर दहा वेळा विचार करावा. शिरेचं तसं नाही. शिरेचा तुकडा काढून ती पुन्हा जोडता येते, त्यामुळे शिरेवर गाठ टेकलीय म्हणून घाबरून जाऊ नका.

यातलं काहीही वाचायचं तर स्कॅन नीट झालेला हवा. पोटाचा साधा सीटी इथे पुरत नाही. स्वादुपिंडासाठीचा वेगळा प्रोटोकॉल असतो: पातळ काप, आणि रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव दिल्यावर दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या प्रतिमा, एक साधारण ४० ते ५० सेकंदांनी स्वादुपिंडासाठी आणि दुसरी ६५ ते ७० सेकंदांच्या सुमाराला यकृत आणि शिरांसाठी. पहिला स्कॅन एका पद्धतीचा आणि दुसरा दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर त्यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. आणखी एक गोष्ट अनेकदा सुटते. काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट करून देणारी बारीक नळी, टाकताना कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते. त्या सुजेने गाठीभोवती जी धूसरता दिसते, ती कॅन्सर पसरल्यासारखीच वाटते. म्हणून पहिला स्कॅन स्टेंटच्या आधीचा होता की नंतरचा, हे डॉक्टरांना जरूर विचारा. नंतरचा असेल तर सुरुवातीचं माप थोडं फुगलेलं धरावं लागेल.

आता सीए १९-९. १९७९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हिलरी कोप्रोवस्की यांच्या गटाने शोधलेल्या प्रतिपिंडांतून ही तपासणी आली. रक्तात ती एका विशिष्ट शर्करासाखळीचं प्रमाण मोजते. बहुतेक प्रयोगशाळांत ३७ पर्यंतचा आकडा सामान्य धरतात. निदानासाठी ही तपासणी मला फारशी भरवशाची वाटत नाही. पण एकदा निदान झाल्यावर, त्याच माणसात, उपचार चालू असताना तिची दिशा पाहण्यासाठी आज आपल्या हातात इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी दुसरं साधन नाही. व्यास सांगत नाही ते हा आकडा सांगतो, कारण ही साखळी जिवंत पेशी तयार करतात; वण करत नाही.

अट एकच, आणि ती फार महत्त्वाची. कावीळ असताना केलेलं सीए १९-९ हिशेबात धरू नका. पित्तनलिका अडली की हा आकडा चढतो, कॅन्सर नसला तरी चढतो. स्टेंट टाकून बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, उतरलं की केमोचा एकही थेंब न जाता तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. म्हणून तुमच्या वडिलांचं ९१० कधीचं आहे ते शोधा. स्टेंटआधी, डोळे पिवळे असतानाचं असेल, तर ९१० ते ४८ या घसरणीचा काही भाग केमोचा नाही, स्टेंटचा आहे. बिलिरुबिन सामान्य झाल्यावर आणि केमो सुरू होण्याआधी केलेला आकडा फाइलमध्ये असेल, तर तोच खरा पाया. त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने केलेले आकडेच एकमेकांशेजारी ठेवा. यंत्र बदललं की आकडाही बदलतो.

घसरण किती हवी? निम्म्याहून जास्त उतरणं हे चांगलं लक्षण, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण पूर्ण सामान्य पातळीवर येण्याला त्याहून बरंच जास्त वजन आहे. मेयो क्लिनिकच्या सर्जननी अशाच, रक्तवाहिन्यांना टेकलेल्या गाठींच्या रुग्णांचा मोठा अनुभव तपासला. दीर्घ आयुष्याशी तीन गोष्टी जोडलेल्या निघाल्या: केमोच्या सहा किंवा जास्त सायकल, सीए १९-९ सामान्य होणं, आणि काढलेल्या गाठीत पेशी मोठ्या प्रमाणात मेलेल्या असणं. तिन्ही जुळल्या तर सर्वांत चांगलं. ४८ हा आकडा सामान्य पातळीच्या अगदी जवळ आहे आणि अजून उतरतीवर असेल तर मला तो आवडतो. बिलिरुबिन पाहून तो पुन्हा एकदा करून घ्या. अमुक आकड्याखाली ऑपरेशन आणि वर नाही, अशी सगळीकडे मान्य असलेली रेघ मात्र नाही. सुरुवातीला ५०० च्या वर असेल, तर शरीररचनेच्या दृष्टीने सहज निघणारी गाठही जैविक अर्थाने ‘बॉर्डरलाइन’ समजावी, असं २०१६ मध्ये जपानमधल्या सेंदाई इथे जमलेल्या तज्ज्ञांनी सुचवलं. केमोनंतरही आकडा शेकड्यांत अडकून राहिला असेल, तर मी घाई करत नाही; आधी दडलेला आजार शोधतो.

उलट आकडा मधेच चढला तर घरात हाहाकार होतो. अशा वेळी पहिल्यांदा पाहायचं ते बिलिरुबिन आणि ताप. स्टेंट तुंबला असेल, पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला असेल, तरीही आकडा उसळतो, आणि स्टेंट बदलला की उतरतो. ते सगळं ठीक असून सलग दोन वेळा चढला, तर मात्र ती गंभीर सूचना आहे, मग स्कॅन कितीही ‘स्टेबल’ असो.

काही माणसांत ही तपासणी उपयोगाचीच नसते. साधारण ५ ते १० टक्के लोकांत ही साखळी बनवण्यासाठी लागणारं एन्झाइम जन्मतः काम करत नाही. त्यांना कितीही मोठा कॅन्सर झाला तरी आकडा जवळपास शून्यावर राहतो. सुरुवातीपासून आकडा १-२ असा येत असेल, तर त्याला ‘सामान्य’ समजून आनंद मानू नका. अशा रुग्णांत सीईए, सीए १२५, आणि जपानमध्ये वापरतात ती डीयू-पॅन-२ या अशाच इतर रक्ततपासण्यांचा आधार घेता येतो. तुमच्या वडिलांना हा प्रश्न नाही. त्यांचा आकडा बोलतो.

पेट स्कॅनबद्दलही तुम्ही विचारलंय. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खेचतात, पेट ते दाखवतो. आधी चमकणारी गाठ केमोनंतर पूर्ण विझली असेल, तर आतल्या पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या असण्याची शक्यता खरोखर वाढते. ज्यांचं सीए १९-९ बोलत नाही त्यांच्यात तर मी तो आवर्जून करून घेतो. पण केमोआधीचा पेट हातात नसेल तर नंतरच्या एकट्या पेटचा अर्थ लावणं अवघड जातं, कारण काही गाठी पहिल्यापासूनच फार चमकत नाहीत. मधुमेह आटोक्यात नसेल तर प्रतिमा फिकी येते. स्टेंटभोवतीची सूजही चमकते. तुमच्याकडे आधीचा पेट नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग आता फक्त प्रतिसाद पाहण्यासाठी तो केलाच पाहिजे असं मला वाटत नाही.

दुसरी एक मागणी घरची मंडळी अगदी मनापासून करतात: पुन्हा सुईने तुकडा घेऊन पाहा ना, कॅन्सर उरलाय की नाही! ही इच्छा मला समजते, पण त्यातून काही हाती लागत नाही. वणाच्या जाळ्यात जिवंत पेशी विखुरलेल्या, छोट्या घोळक्यांत असतात. सुई नेमकी त्यांच्यात गेली नाही तर रिपोर्ट ‘कॅन्सर नाही’ असा येतो, आणि त्या कागदाच्या आधारावर कुणी ऑपरेशन टाळलं तर फार मोठं नुकसान होतं. सापडल्या तर त्या सापडणारच होत्या. निर्णय दोन्हीकडे तोच राहतो.

रक्तात फिरणारा कॅन्सरचा डीएनए मोजण्याबद्दल बरंच बोललं जातं. या कॅन्सरच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गाठींत केआरएएस या जनुकात बदल असतो, त्यामुळे तो रक्तात शोधणं ही कल्पना रास्त आहे. केमोनंतर तो रक्तात उरलेला सापडणं ही वाईट खूण आहे. पण एका जागी असलेल्या आजारात तो मुळातच इतका कमी असतो की तो ‘सापडला नाही’ याचा फारसा दिलासा घेता येत नाही. आज त्यावरून मी ऑपरेशनचा निर्णय फिरवणार नाही. जनुकांची एक तपासणी मात्र प्रत्येकाने करावी: बीआरसीए किंवा पाल्ब-२ या जनुकांत जन्मजात दोष आहे का. असेल तर प्लॅटिनमच्या औषधांना, म्हणजे फोल्फिरिनॉक्समधल्या ऑक्सालिप्लॅटिनसारख्यांना, प्रतिसाद चांगला मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि घरातल्या इतरांसाठीही ती माहिती लागते.

आणि खुद्द वडील कसे आहेत? तुमच्या लांबलचक प्रश्नात याबद्दल एकच ओळ आहे, पण ती वाचून मला सर्वांत बरं वाटलं: पाठीतली कळ गेली, रात्रीची झोप लागते, वजन दोन किलोने वाढलं. पाठीत जाणारी कळ ही बऱ्याचदा गाठ मागच्या मज्जातंतूंना धरून बसल्याची असते. केमोवर असताना ती जाणं, गोळ्यांचा डोस कमी होणं, भूक परतणं, घसरत चाललेलं वजन थांबणं, अचानक बिघडलेली साखर सावरणं, हाही प्रतिसादच आहे आणि तो मोजता येतो. दर आठवड्याला वजन, वेदनेच्या गोळ्यांची संख्या, साखरेचे आकडे आणि घराबाहेर किती चालले, एवढं वहीत लिहून ठेवा. सेंदाईच्या त्याच बैठकीत रुग्णाची एकूण अवस्था ही शरीररचना आणि जैविक वर्तनाच्या बरोबरीची तिसरी कसोटी मानली गेली. आकडे कितीही सुंदर असोत, माणूस दिवसाचा निम्मा वेळ अंथरुणात असेल तर एवढं मोठं ऑपरेशन त्याला झेपत नाही. अशा वेळी काही आठवडे खाणं, पचनासाठीच्या एन्झाइमच्या गोळ्या, चालणं यांवर घालवणं हे ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं काम असतं.

तर तुमच्या वडिलांचं चित्र मी असं वाचतो. नवीन आजार नाही. सीए १९-९ सामान्याच्या उंबरठ्यावर, फक्त पहिला आकडा काविळीतला होता का हे पडताळायचं. प्रकृती सुधारलेली. आकार गप्प. यावर मीही ऑपरेशनच सुचवलं असतं. साधारणपणे शेवटच्या केमोनंतर चार ते सहा आठवड्यांनी ते करतात, आणि त्याआधीच्या चार आठवड्यांतला स्कॅन हातात असावा लागतो. तुमचा स्कॅन तोवर जुना होणार असेल तर पुन्हा करायला नाही म्हणू नका.

ऑपरेशनच्या दिवशीही मोजणं संपत नाही. बहुतेक वेळा मी आधी दुर्बिणीतून पोटात पाहतो. यकृताच्या पृष्ठभागावरचे आणि आवरणावरचे दोन-तीन मिलिमीटरचे दाणे कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत, तिथे डोळ्यांना दिसतात. सुरुवातीचं सीए १९-९ जास्त होतं अशांत तर हे करावंच. दाणे निघाले तर मोठं ऑपरेशन करायचं नाही, बारीक छिद्रं मिटवायची आणि काही दिवसांत पुन्हा औषध सुरू करायचं. असं होऊ शकतं हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. शुद्धीवर आल्यावर ‘काढली का गाठ’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि ‘नाही’ हे उत्तर अचानक कानावर पडणं फार जड जातं. पोट स्वच्छ असेल तर पुढे जाऊन धमनीभोवतीची ऊती काढून लगेच पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतो. वीस-तीस मिनिटांत उत्तर येतं: नुसता वण की जिवंत पेशी. स्कॅन ज्याचा निकाल देऊ शकला नव्हता, त्याचा निकाल तिथे लागतो.

खरं, संपूर्ण मोजमाप होतं ते त्यानंतर, काढलेल्या गाठीचे काप तपासताना. यासाठी सर्वाधिक वापरली जाते ती अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजची ० ते ३ अशी श्रेणी. ० म्हणजे एकही जिवंत पेशी नाही. १ म्हणजे एकेकट्या पेशी किंवा क्वचित छोटे घोळके. २ म्हणजे पेशी मेल्याच्या स्पष्ट खुणा, पण उरलेला कॅन्सर श्रेणी १ पेक्षा जास्त. ३ म्हणजे बराच कॅन्सर शिल्लक आणि औषधाचा ठसा दिसत नाही. आकडा जितका लहान तितकं चांगलं, हे लक्षात ठेवा. घरचे अनेकदा उलटं समजतात. ही श्रेणीही बिनचूक नाही, कारण दाट तंतू हे या कॅन्सरचं मूळ रूपच असल्यामुळे कुठला तंतू केमोने आला आणि कुठला आधीपासून होता, हे सांगणं कठीण. म्हणून ॲमस्टरडॅमला जमलेल्या पॅथॉलॉजिस्टांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकमताच्या मसुद्यात सुचवलं की किती मेलं हे मोजण्यापेक्षा किती जिवंत उरलंय ते मोजावं. मला हे पटतं. गाठीचा सगळा भाग तपासला की थोडेच तुकडे, यावरही उत्तर बदलतं. रिपोर्टात ते लिहिलेलं असावं.

श्रेणी ० दुर्मिळ आहे. २०२४ मध्ये आठ देशांतल्या १९ केंद्रांनी मिळून १७५८ रुग्णांची माहिती मांडली, त्यात ५ टक्क्यांहून किंचित कमी लोकांत एकही जिवंत पेशी उरली नव्हती. त्यांच्यातले ६३ टक्के पाच वर्षांनी हयात होते, इतरांत ३० टक्के. दोन्ही आकडे नीट पाहा. पूर्ण प्रतिसाद मिळूनही काहींचा आजार परतला, आणि पूर्ण प्रतिसाद न मिळालेल्यांतही जवळपास तिघांत एक पाच वर्षांपलीकडे गेला. त्यामुळे वडिलांच्या रिपोर्टात १ किंवा २ आलं तर खचून जाऊ नका. श्रेणीच्या शेजारी लसिका ग्रंथींची ओळ असते: किती तपासल्या, कितींत कॅन्सर निघाला. माझ्या दृष्टीने त्या ओळीचं वजन श्रेणीइतकंच आहे. मग कापलेल्या कडा. त्यांच्यापासून एक मिलिमीटरच्या आत पेशी आहेत का.

हा रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागू शकतात, आणि तो आल्यावरच पुढची केमो ठरते. श्रेणी चांगली, ग्रंथी स्वच्छ, सीए १९-९ सामान्य, असं असेल तर तेच औषध उरलेल्या सायकलपुरतं पुन्हा देतात, कारण ते लागू पडल्याचा पुरावा आता हातात असतो. श्रेणी ३ आली, ग्रंथींत बराच कॅन्सर निघाला, तर तेच औषध पुढे रेटण्यात अर्थ नसतो. जेमसिटाबीन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेलसारख्या दुसऱ्या जोडीचा विचार करतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या भेटीला जाताना सगळे सीए १९-९ चे आकडे तारखेसह, प्रत्येकाशेजारी त्या दिवशीचं बिलिरुबिन लिहून, एका कागदावर न्या. तुमच्या ऑन्कोलॉजिस्टला पॅथॉलॉजी रिपोर्टाशेजारी तोच कागद लागणार आहे.